साडूभाऊंचं आरमार

समीक्षकाला नातेवाईक नसावेत, असं माझं फार वर्षांपासूनचं मत आहे. कवीला असले तर चालतात. नाटककाराला तर हवेतच. पहिल्या प्रयोगाला पुढच्या तीन रांगा भरायला ते उपयोगी पडतात. पण समीक्षकाचा नातेवाईक केव्हा कलावंत होऊन पुढ्यात उभा राहील आणि 'कसं वाटलं?' म्हणून विचारील, याचा नेम नसतो. भाचीचं नृत्य, मामेभावाचा कवितासंग्रह आणि चुलत्यांचं आत्मचरित्र (खंड पहिला) ही तिन्ही संकटं मी 'वा, चांगला प्रयत्न आहे' एवढ्या एका वाक्यावर निभावून नेली होती. साडूभाऊंच्या जहाजांपाशी मात्र ते वाक्य मला वेळेवर आठवलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण घडलं.

आमचे साडूभाऊ म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे देवगडकडचे, आता डोंबिवलीकर. उभी हयात विमा कचेरीत गेली, तीही सागरी विम्याच्या खात्यात. बुडालेल्या, भिजलेल्या आणि बंदरात गहाळ झालेल्या मालाचे कागद पस्तीस वर्षं तपासलेला माणूस निवृत्तीनंतर निदान समुद्राचं नाव काढणार नाही, अशी आमची समजूत. पण मुलगा परदेशातून रजेवर आला तेव्हा त्याने वडिलांसाठी एक लांबट खोकं आणलं. ताईंना वाटलं, मिक्सर असेल. खोक्यातून निघाली 'व्हिक्टरी'.

'व्हिक्टरी' म्हणजे नेल्सनचं जहाज. १७६५ साली ते चॅटमला पाण्यात उतरलं, १८०५ साली ट्रफल्गारच्या लढाईत त्याच्याच डेकवर नेल्सनला गोळी लागली, आणि आज ते पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत उभं आहे. ते बांधायला सुमारे ६,००० झाडं लागली म्हणतात, त्यांतली बहुतेक ओकची. साडूभाऊंच्या खोक्यात त्याऐवजी प्लायवुडच्या कापट्या, लाकडी पट्ट्यांच्या दोन जुड्या, पितळी तोफांची एक पुडी, निरनिराळ्या जाडीच्या दोऱ्यांची रिळं, चादरीएवढे नकाशे आणि एक पुस्तिका होती. पुस्तिका इटालियन भाषेत होती. सोबत इंग्रजी भाषांतर होतं. दोन्ही वाचून साडूभाऊ म्हणाले, "त्यातल्या त्यात इटालियन सोपं आहे."

ज्यांनी हा उद्योग जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आधी जहाजाचा कणा उभा करायचा. त्यावर माशाच्या काट्यासारख्या आडव्या बरगड्या बसवायच्या. मग बरगड्यांवरून लाकडाच्या बारीक पट्ट्या एकेक करून चिकटवत न्यायच्या. आता पट्टी सरळ असते आणि जहाज कुठेच सरळ नसतं. म्हणून पट्टी पाण्यात भिजत घालायची, वाफेवर धरायची, हळूहळू वाकवायची, फेविकॉल लावायचा आणि तो वाळेपर्यंत ती जागच्या जागी दाबून धरायची. आता धरणार कोण? तर इथे कपड्यांचे चिमटे येतात.

त्या पावसाळ्यात ताईंच्या घरचे कपडे शेजाऱ्यांच्या गॅलरीत, खालच्या गुलमोहोरावर आणि एकदा तर रिक्षाच्या टपावर सापडले. कारण घरातले एकूण एक चिमटे नेल्सनच्या सेवेत होते. पट्ट्यांना वाफ भाताच्या कुकरची. जेवणाच्या टेबलावर गोदी. त्यामुळे चौदा महिने ताई आणि साडूभाऊ मांडीवर ताट घेऊन जेवले, आणि आम्ही पाहुणे गेलो की आम्हीसुद्धा.

पट्ट्या झाल्यावर दोरकाम. डोलकाठीवर चढायला दोरांच्या शिड्या असतात. त्या शिडीची प्रत्येक पायरी म्हणजे एक आडवा दोरा, आणि तो प्रत्येक उभ्या दोराला वेगळी गाठ मारून बांधायचा. तीन डोलकाठ्या, दोन्ही अंगांना शिड्या, एकीवर एक दुमजली, तिमजली. गाठींचा हिशेब हजारांत जातो. दोऱ्याची लव दिसू नये म्हणून तो आधी मेणातून ओढून घ्यायचा. साडूभाऊ भिंग लावून रोज साठ गाठी मारत. ताई म्हणाल्या, "माझ्या झंपरचं एक बटण तीन महिने तुटलंय. त्याला एक गाठ मारायची तर ह्यांचे डोळे दुखतात."

'व्हिक्टरी' झाली. मग 'कटी सार्क' आली. चहा वाहून नेणारं हे वेगवान जहाज १८६९ सालचं, हल्ली ग्रिनिचला असतं. त्याच्या नाळेवर एक बाई आहे, तिच्या हातात घोड्याची शेपटी. ताईंनी 'ही कोण?' म्हणून विचारल्यावर साडूभाऊंनी सांगून टाकलं की ही बर्न्सच्या कवितेतली चेटकीण, आणि 'कटी सार्क' म्हणजे तिचं आखूड शमीज. त्या दिवसापासून ताईंनी जहाजाचं तोंड भिंतीकडे फिरवलं, ते अजून तसंच आहे.

तिसरं 'वासा'. स्वीडनच्या राजाचं हे अवजड, नक्षीदार, तोफांनी भरलेलं जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्या सफरीला निघालं, जेमतेम १,३०० मीटर गेलं आणि वाऱ्याच्या झुळकीने कलंडून बुडालं. डोकं जड, बूड हलकं. ३३३ वर्षांनी, १९६१ साली ते वर काढलं, आणि आता त्याच्यासाठी खास संग्रहालय आहे. जगभर हौशी लोक त्याची मॉडेलं करतात. आयुष्यात दीड किलोमीटरही न गेलेल्या माणसाचे इतके पुतळे आमच्याकडेसुद्धा झाले नसतील! साडूभाऊंना मात्र 'वासा'विषयी खास जिव्हाळा. "दाव्याचा कागद माझ्याकडे आला असता," ते म्हणत, "तर मी एका मिनिटात नामंजूर केला असता."

सहा वर्षांत तीन जहाजं झाली. घरात आता माणसांनी आडवं होऊन चालायचं, अशी वेळ आली. तेवढ्यात त्यांच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिकांनी छंदांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. त्याची स्मरणिका निघणार होती. साडूभाऊंचा फोन आला.

"तुम्ही पुस्तकांवर लिहिता, नाटकांवर लिहिता. माझ्या जहाजांवर चार शब्द लिहा. आणि हे पाहा, नातं बाजूला ठेवा. अगदी परखड लिहा."

परखड लिहा असं सांगणाऱ्या माणसाला परखड मत कधीही नको असतं, हे तीस वर्षांच्या अनुभवाने मला माहीत होतं. तरी मी फसलो. मी वही-पेन्सिल घेऊन एका रविवारी डोंबिवलीला गेलो आणि तिन्ही जहाजांभोवती हात मागे बांधून तीन तास फिरलो. समीक्षकाने हात मागे बांधले की समोरच्याला धडकी भरते. मी काढलेले आक्षेप असे :

पहिला आक्षेप निवडीचा. हौशी नाटकमंडळींनी जसं जिथे जावं तिथे तेच नाटक लावावं, तसं ह्या छंदात जिथे पाहावं तिथे तीच चार नावं : 'व्हिक्टरी', 'वासा', 'कटी सार्क' आणि अमेरिकनांची 'कॉन्स्टिट्यूशन'. समुद्रावर माणूस हजारो वर्षं फिरतो आहे आणि त्याने चारच जहाजं बांधली असावीत, असं ही मॉडेलं पाहून वाटतं.

दुसरा आक्षेप प्रमाणाचा. साडूभाऊंची 'व्हिक्टरी' शहाण्णवास एक ह्या प्रमाणात आहे. म्हणजे खऱ्या जहाजाचा एक फूट इथे इंचाचा आठवा भाग. आता सगळं आठव्या भागात येतं, पण लाकडाचे रेषे कसे येणार? ते झाडाने ठरवलेले. म्हणूनच ओकच्या जहाजाचं मॉडेल ओकचं केलं तर ते चांगलं दिसत नाही. रेषे केवढाले दिसतात. खरं वाटावं म्हणून खोटं, बारीक रेषांचं लाकूड वापरावं लागतं. दोरांचंही तेच. खऱ्या जहाजावरचा इंचभर जाडीचा दोर ह्या मापाने पाव मिलिमीटर होतो, म्हणजे आपला शिवणाचा दोरा. त्याहून बारीक दोर दाखवायचा तर कोळ्याला कामावर ठेवावं लागेल.

तिसरा आक्षेप स्वच्छतेचा. 'व्हिक्टरी'वर ट्रफल्गारच्या दिवशी आठशेहून अधिक माणसं होती. साडूभाऊंच्या 'व्हिक्टरी'वर एकही नाही. तोफा झळाळतात, डेक धुतल्यासारखा, दोरांची वेटोळी देवघरातल्या वातींसारखी. इथे कोणी घामेजलं नाही, कोणाला उलटी झाली नाही, कोणाचा पाय तुटला नाही. युद्ध संपवून सगळे कुठे जेवायला गेलेत?

हे तीनही मुद्दे मी पोह्यांच्या आधी मांडले आणि साडूभाऊंनी ते खिलाडूपणे ऐकून घेतले. दोरांच्या मुद्द्यावर तर ते खूशच झाले. पण पोह्यांनंतर मला चौथा मुद्दा सुचला. समीक्षकाला उत्तम वाक्यं पोटभर खाल्ल्यावर सुचतात, हा ह्या व्यवसायाचा दोष आहे. मी म्हणालो, "काम आखीव-रेखीव आहे हो. पण नकाशा त्यांचा, पट्ट्या त्यांनी कापलेल्या, तोफा त्यांनी ओतलेल्या. जहाज इंग्रजांचं, खोकं इटलीचं. साडूभाऊ, ह्यात तुमचं काय?"

वाक्य मला फार आवडलं. मी ते वहीतही लिहून घेतलं. साडूभाऊ काही बोलले नाहीत. ताईंनी चहा आणला. चहा मुकाट्याने झाला.

त्यानंतर दोन महिन्यांनी हिने ताईंना फोन केला आणि ठेवताना माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनेच मला कळलं की आपल्या समीक्षेचा परिणाम झाला आहे. साडूभाऊंनी चौथं खोकं उघडलंच नव्हतं. हत्यारं डब्यात गेली होती. चिमटे दोरीवर परतले होते. टेबल रिकामं झालं होतं आणि सहा वर्षं ज्या टेबलासाठी ताई भांडल्या, त्याच्यावर आता त्यांना जेवण जात नव्हतं. "दिवसभर बाल्कनीत बसतात," ताई म्हणाल्या. "कपडे कधी वाळले ते मला सांगतात. मी काय करू ते ऐकून?"

पुस्तकावर कठोर लिहिलं तर लेखक निदान उलट पत्र पाठवतो, आपल्याला चार ठिकाणी शिव्या देतो; हिशेब चुकता होतो. इथे एका बहात्तर वर्षांच्या माणसाने शिवी न देता फक्त डबा बंद केला होता. मी घरी येऊन आपला आक्षेप टिकतो का ते तपासायला बसलो. समीक्षकाने हे काम आधी करावं असा संकेत आहे, पण सवय नसते.

आक्षेप काही टिकेना. पहिली ठेच लागली ती गाण्यात. आपल्याकडचा गवई दोनशे वर्षांपूर्वीच्या कोणाची तरी बंदिश गातो. राग त्याचा नाही, ताल त्याचा नाही, शब्द तर त्याला पुष्कळदा नीट कळलेलेही नसतात. त्याला कोणी मैफलीत उठून 'बुवा, ह्यात तुमचं काय?' असं विचारत नाही. विचारलंच तर बुवा तंबोरा फेकून मारतील.

मग मी जहाजांविषयी वाचू लागलो. म्हटलं, 'आपलं' जहाज तरी कुठलं, ते पाहावं. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली सागवानी 'ट्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली आणि आज दोनशेहून अधिक वर्षांनी इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. मला अभिमानाने भरून आलं. पुढच्या पानावर ते ओसरलं. कारण जहाजाचा नकाशा आला होता इंग्लंडहूनच. तोही सहजासहजी नाही. नकाशे 'जावा' नावाच्या जहाजातून निघाले, त्या जहाजाला डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने गाठून नष्ट केलं, आणि मुंबईकरांना दुसऱ्या नकाशांची वाट पाहत बसावं लागलं. (ही तीच 'कॉन्स्टिट्यूशन', जिचं चौथं खोकं साडूभाऊंनी उघडलं नव्हतं.) म्हणजे नकाशा इंग्रजांचा, सागवान आणि हात आपले. मग 'ट्रिंकोमाली'त वाडियांचं काय, असं मी विचारू शकलो असतो का? विचारलं असतं तर त्यांनी मला सरळ गोदीत ढकललं असतं.

मग म्हटलं, नकाशाच आपला असलेलं जहाज शोधू. ते सापडेना, कारण नकाशाच सापडेना. आपल्या किनाऱ्यावरचे कारागीर कागदावर जहाज काढतच नसत. कच्छातल्या मांडवीला आणि केरळातल्या बेपूरला मोठी लाकडी गलबतं बांधणारे मिस्त्री मापं डोक्यात ठेवून काम करतात. हाताने दाखवतात, डोळ्याने तोलतात. गुराब आणि गलबत ही मराठ्यांच्या आरमाराची नावं आपण भाषणात मोठ्या आवाजात घेतो, पण 'कटी सार्क'चे मिळतात तसे त्यांचे नकाशे पाहायला मिळत नाहीत. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांची जहाजं कोरलेली आहेत. अजिंठ्याच्या भिंतीवर एक शिडाचं जहाज रंगवलेलं आहे. २०२३ साली जुन्या पद्धतीचं, काथ्याने फळ्या शिवलेलं एक जहाज बांधायचं ठरलं, तेव्हा हाताशी होतं ते हेच पाचव्या शतकातलं अजिंठ्याचं चित्र. चित्रावरून आकार ठरवला, मद्रासच्या आयआयटीत आधी मॉडेलवर चाचण्या झाल्या, मग केरळातल्या कारागिरांनी गोव्यात ते शिवलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पाण्यात उतरवलं. मे महिन्यात कारवारला ते 'कौंडिण्य' ह्या नावाने नौदलात आलं. हे वाचून मी वही मिटली. ज्या छोट्या जहाजांना मी शोभेच्या वस्तू म्हणत होतो, त्यांच्या पाठीवर बसूनच मोठं जहाज समुद्रात गेलं होतं.

इंग्लंडच्या आरमारी कचेरीसाठी सतराव्या-अठराव्या शतकांत अशी मॉडेलं होत. खालची बाजू मुद्दाम फळ्या न लावता उघडी ठेवत, म्हणजे बरगड्या दिसाव्यात. पण मला खरी झोप लागू दिली नाही ती कैद्यांच्या जहाजांनी. नेपोलियनच्या युद्धांत पकडलेले फ्रेंच खलाशी इंग्लंडच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं पडून होते. जेवणातल्या मटणाची हाडं ते धुऊन, घासून, कापून ठेवत आणि त्यांतून जहाजं करीत. फळ्या हाडांच्या, काही वेळा दोर केसांचे. दोरी ओढली की तोफा आत जात, सोडली की बाहेर येत. तुरुंगाच्या दाराशी बाजार भरे, तिथे ती विकत. जाणकार सांगतात की ह्या जहाजांची मापं पुष्कळदा चुकलेली असतात; डोलकाठ्या उंच, बूड अरुंद. चुकणारच. नकाशा कुठला? खलाशाला जेवढं आठवलं तेवढं जहाज.

दुसऱ्या रविवारी मी डोंबिवलीला गेलो. ह्या वेळी हात मागे बांधले नाहीत. साडूभाऊ बाल्कनीत होते. मी त्यांना फ्रेंच कैद्यांची हकीकत सांगितली. त्यांनी ऐकली आणि विचारलं, "हाडं चिकटवायचे कशाने?" मला माहीत नव्हतं. संभाषण संपलं.

ते आत गेले तेव्हा मी 'व्हिक्टरी'पाशी बसकण मारली आणि प्रथमच ती खालून पाहिली. जहाजाच्या पुढच्या टोकाशी, नाळेपाशी, जागा निमुळती होते. मधल्या भागात जितक्या पट्ट्या बसतात तितक्या तिथे मावत नाहीत. म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती तासावी लागते आणि प्रत्येकीचा तास वेगळा. किती तासायचं ते पुस्तिकेत नसतं. ते तुमच्या बरगड्या कशा बसल्यात त्यावर ठरतं. 'व्हिक्टरी'च्या त्या कोपऱ्यात लांबी भरलेली होती, दोन पट्ट्या एकमेकींवर चढल्या होत्या आणि वरून रंगाचा हात जाड होता. 'कटी सार्क'ला भरणी कमी. 'वासा'च्या नाळेपाशी पट्ट्या अशा वळून एकत्र आल्या होत्या, की हिने केस विंचरून वेणीला घ्यावेत. सहा वर्षं त्या कोपऱ्यात होती. मी तीन तास फिरलो होतो, पण वरून. 'ह्यात तुमचं काय' ह्याचं उत्तर खाली होतं, आणि खाली पाहायला वाकावं लागतं.

मी हे त्यांना सांगितलं. अगदी शब्दशः, 'माझं चुकलं' हे धरून. साडूभाऊ म्हणाले, "'व्हिक्टरी'ची नाळ मला माहीत होती हो. मी ती मुद्दाम कपाटाकडे करून ठेवली होती." मग जरा थांबून म्हणाले, "पण तुमचा प्रश्न अगदीच चूक नव्हता."

त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. एका संध्याकाळी फोन आला. "मोकळे असाल तर या. चिमटे पुरत नाहीत."

टेबलावर पुन्हा गोदी होती, पण नकाशा नव्हता. एका वापरलेल्या पाकिटाच्या पाठीमागे पेन्सिलने काढलेला एक आकार होता आणि शेजारी पट्ट्या, ह्या वेळी खोक्यातल्या नाही, फळांच्या पेटीच्या. साडूभाऊ मचवा बांधत होते. लहानपणी देवगडला मुंबईची बोट लांब समुद्रात उभी राहायची; धक्क्याला लागायची नाही. किनाऱ्यावरून मचव्यातून माणसं न्यायची. १९६१ साली आठ वर्षांचा हा मुलगा आईबरोबर त्या मचव्यातून बोटीवर चढला आणि मुंबईला आला. "आई इथे बसली होती," साडूभाऊंनी पेन्सिलीने दाखवलं. "तिच्या मांडीवर ट्रंक. ती डोळे मिटून बसलेली. मी इथे. मला सगळं दिसत होतं." मी त्यांना लांबी विचारली. ते म्हणाले, "आठवत नाही. मोठा होता. पण मी लहान होतो, तेव्हा तो किती मोठा धरायचा, हाच तर सगळा घोळ आहे."

मी पट्टी धरून बसलो. फेविकॉल वाळायला वेळ लागतो. त्या वेळात माणसाला बोलण्यासारखं पुष्कळ सुचतं. मी बोललो नाही.

प्रदर्शन झालं. सोसायटीच्या हॉलमध्ये भरतकाम, नाणी, निवडुंग, काड्यापेट्या आणि एका टोकाला साडूभाऊंचं आरमार. गर्दी 'व्हिक्टरी'पाशी होती. पोरं तोफा मोजत होती. मचवा कोपऱ्यात होता, काचेशिवाय. स्मरणिकेतल्या माझ्या चार शब्दांत मी मचव्याविषयी लिहिलं होतं की वल्ही जरा मोठी झाली आहेत, दोन्ही कडा सारख्या नाहीत, पण बसायची एक फळी बाकीच्यांपेक्षा घासून गुळगुळीत केलेली आहे आणि तिथे नजर थांबते. शेवटी लिहिलं होतं : 'डोलकाठी कशी ताठ, सरळ, डौलदार!' हे शेवटचं मला विशेष जमल्यासारखं वाटत होतं.

दुपारी एक वयस्क गृहस्थ आले. हातात पिशवी, बहुधा भाजी आणायला निघालेले. 'व्हिक्टरी'कडे त्यांनी पाहिलंही नाही. मचव्यापाशी थांबले, वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ तसेच राहिले. मग कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "डोलकाठी सरळ कित्याक? फुडे कलती व्हयी."

साडूभाऊ खुर्चीवरून उठले. मला वाटलं, झालं, आता पुन्हा डबा बंद. मी मध्ये पडणार तेवढ्यात साडूभाऊंनी मचव्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. बरोबर होतं. आपल्या किनाऱ्यावरच्या मचव्याची डोलकाठी पुढे झुकलेली असते. सहा वर्षं इंग्रजांच्या डोलकाठ्या उभ्या करून हाताला वळण लागलं होतं. डोक्यातला मचवा कलत्या काठीचा आणि हाताने बांधला तो सरळ काठीचा. मी तर त्या चुकीचीच छापील स्तुती केली होती.

मग ते दोघे जे बोलत बसले ते हॉल बंद करायची वेळ होईपर्यंत. काठी किती कलती, परबाण कुठे बांधायचं, शीड कोणत्या अंगाला, देवगडचा मचवा आणि मालवणचा मचवा ह्यांत फरक काय. दोनदा भांडण झालं. एकदा साडूभाऊंनी स्मरणिका उलटी करून तिच्यावर आकृती काढली. नेमकं माझं पान होतं. गृहस्थांची भाजी राहिली ती राहिलीच. ताईंनी दोघांना चहा दिला आणि मला सांगितलं, "तुम्ही खुर्च्या आवरायला लागा."

तीस वर्षं मी लोकांना चिमटे काढत आलो. त्यातले किती कामाचे होते ते आता तपासणं शक्य नाही. पण त्या गृहस्थांनी काढलेला एक शब्द, 'कलती', हा मी आजवर ऐकलेल्या समीक्षेतला पहिल्या प्रतीचा नमुना आहे. त्यांना मचवा ठाऊक होता आणि तो नीट व्हावा असं त्यांना वाटत होतं. ह्यापलीकडे आमच्या धंद्याला काय लागतं? आणि असे मचव्यातून बोटीवर चढलेले लोक आता मोजकेच उरले आहेत. त्यांची आठवण कुठल्याही खोक्यात मिळत नाही. ती आहे तोवर कोणीतरी टेबल अडवून बसायला हवं.

साडूभाऊंनी त्याच रात्री डोलकाठी उपटली. नवी बसवायची तर बुडाशी खोबण नव्याने करावी लागते, दोन फळ्या काढाव्या लागतात. ते काम चालू आहे. देवगड-मालवण वाद मिटला नसल्यामुळे ते गृहस्थ दर गुरुवारी येतात. मी रविवारी जातो. साडूभाऊ मापं घेतात, ते गृहस्थ चुका काढतात आणि मी फेविकॉल वाळेपर्यंत फळी दाबून धरतो. हल्ली ताईंचे कपडे गॅलरीतून उडत नाहीत. त्यांच्या मते, चिमटा म्हणून मी पुष्कळच बरा आहे.